अलक्ष्मी गेली कोणाच्या अंगणात?

आश्विन वद्य अमावास्येची तिन्हीसांज. दारी रांगोळी, उंबरठ्यावर पणत्या. चौरंगावर तांदळाचे अष्टदल रेखून त्यावर कलश मांडलेला असतो. शेजारी दागिने, नाणी, जमाखर्चाची वही, साळीच्या लाह्या आणि बत्तासे. आणि या साऱ्या ऐश्वर्याच्या पंक्तीत, मानाने तसूभरही कमी न होता, एक नवी केरसुणी उभी असते. शिंदीच्या पानांची, बाजारात अगदी अल्प मोलाने मिळणारी. गृहिणी तिला हळदकुंकू वाहते, फूल वाहते आणि लक्ष्मी म्हणून नमस्कार करते.

केर काढण्याच्या साधनाला ज्या संस्कृतीने देवतेच्या चौरंगाशी बसविले, त्याच संस्कृतीच्या नगरांत रस्त्याच्या वळणावळणावर केराचे ढीग का साचावेत, हा प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्या मनाला टोचत होता. ग्रंथ चाळूनही त्याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नव्हते. ते उत्तर चार वर्षांपूर्वी पुण्यास, लेकीच्या बिऱ्हाडी, धनत्रयोदशीच्या सकाळी दाराशी येऊन उभे राहिले. आणि त्याच्या हाताला रक्त लागलेले होते.

काचेचा प्रसंग

मी पंढरपूरचा. चाळीस वर्षे कीर्तनाची आणि अध्यापनाची सेवा करीत आलो. त्या वर्षी दिवाळीस लेकीकडे गेलो होतो. तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, “बाबा, गॅलरीतली हिरवी बादली ओल्या कचऱ्याची आणि निळी सुक्याची.” मी मान डोलावली, परंतु मनात म्हटले, केर तो केर, त्यात कसले सोवळे आणि कसले ओवळे!

वसुबारसेच्या दिवशी साफसफाई करताना देवघरातील एक जुनी तसबीर माझ्या हातून निसटली आणि तिची काच फुटली. देवाच्या तसबिरीची काच सामान्य केरात कशी टाकावी, या विचाराने मी तुकडे गोळा करून ते निर्माल्याच्या पिशवीत, झेंडूच्या फुलांखाली ठेवले आणि पिशवीस गाठ मारून ती हिरव्या बादलीत सोडली. आपण काही पवित्र कृत्य केले, अशीच माझी भावना होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा नेणारी बाई आली. चाळिशी उलटलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. फुले खताला आणि प्लास्टिकची पिशवी सुक्यात, या नित्याच्या रीतीने तिने गाठ सोडून पिशवीत हात घातला आणि “आई गं!” म्हणून तो मागे घेतला. तळहातावर चांगली बोटभर जखम झाली होती. लेक धावली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शनासाठी दवाखान्यात नेण्याची तयारी चालविली. मी तसाच उभा. बाईने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “बाबा, काच होती व्हय आत? सांगायचं तरी.”

मी म्हणालो, “बाई, चूक माझी. देवाची तसबीर होती, म्हणून निर्माल्यात ठेवली.”

ती म्हणाली, “देवाची असली तरी काच ती काचच की.”

मी पैसे पुढे केले. तिने ते घेतले नाहीत. “पैसं नकोत. काच निराळी द्या, कागदात गुंडाळून. वर तांबडी खूण करा. मला वाचता येत नाही, पण तांबडं कळतं.” एवढे बोलून ती लेकीबरोबर दवाखान्यात गेली.

शुचितेवर तासतासभर निरूपण करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या दोन वाक्यांनी निरुत्तर केले. शास्त्रार्थात मी क्वचितच हरलो असेन. तेथे मात्र हरलो.

संकर तोच केर

त्या दुपारी मला अमरकोशाची आठवण झाली. लहानपणी पाठ केलेला तो कोश. त्यात केरसुणीला ‘संमार्जनी’ आणि ‘शोधनी’ अशी नावे आहेत आणि तिने झाडून टाकलेल्या केराला ‘संकर’ आणि ‘अवकर’ असे दोन शब्द आहेत. संकर या शब्दाचा दुसरा, सर्वपरिचित अर्थ म्हणजे मिसळण, सरमिसळ. पन्नास वर्षे हा शब्द मी म्हणत आलो, परंतु त्याचे मर्म त्या दिवशी कळले. मिसळ झाली की वस्तूचा केर होतो. निराळी ठेवली की ती वस्तूच राहते.

पाहा ना. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे निराळे ठेवले तर दोन-तीन महिन्यांत त्यांची काळीभोर माती होते. वर्तमानपत्राचा कागद निराळा ठेवला तर त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद वा पुठ्ठा होतो. काच वितळवून पुन्हा काच होते, पत्रा वितळवून पुन्हा पत्रा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून धागा निघतो. परंतु याच कागदावर आमटी सांडली, काचेवर उष्टे पडले, बाटलीत कुजका भात शिरला, की एकही वस्तू धड आपल्या मूळ रूपास परत जाऊ शकत नाही. चार उपयुक्त पदार्थ एकत्र येऊन एक निरुपयोगी घाण निर्माण होते. या घाणीचा जनक निसर्ग नव्हे. आपली आळशी बोटे होत.

श्रौत यज्ञात वेदीची भूमी शुद्ध करताना खरडून काढलेली माती आणि केर टाकण्यासाठीसुद्धा एक जागा नेमलेली असते. तिला ‘उत्कर’ म्हणतात. ज्या ऋषींनी यज्ञमंडपात केराला नाव आणि स्थान दिले, त्यांचे वारस आपण. आणि आपल्या घरात केराला जागा कोणती, तर जेथे हात पोहोचेल ती!

पाच सूना आणि सहावी

गृहस्थाश्रमी मनुष्याच्या हातून नकळत हिंसा घडते, हे आपल्या स्मृतिकारांनी मोठ्या प्रांजळपणे मान्य केले आहे. मनुस्मृतीत गृहस्थाच्या पाच ‘सूना’, म्हणजे हिंसेची स्थाने, सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी आदी घरची उपकरणे, उखळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचे तर ही पाचही लागणार. आणि ती वापरताना सूक्ष्म जीव मरणार. म्हणून या दोषाच्या क्षालनार्थ नित्य पंचमहायज्ञ सांगितले: ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि नृयज्ञ. म्हणजे हातून झालेल्या हानीची परतफेड ऋषी, पितर, देव, प्राणिमात्र आणि मनुष्य या सर्वांना करावी, असा हा हिशेब आहे.

आजच्या शहरातील घरात जाते गेले, उखळ गेले; त्यांच्या जागी एक नवी सूना आली आहे. ती म्हणजे कचऱ्याची बादली. तिच्यातून होणारी हिंसा सूक्ष्म जीवांपुरती राहत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेले शिळे अन्न गाय पिशवीसकट गिळते. आपण एकीकडे वसुबारसेला तिची पूजा करतो आणि दुसरीकडे तिच्या पोटात प्लास्टिक भरतो. काच, दाढीचे पाते, वापरलेली सुई आणखी कोणाचा तरी हात चिरते. भूतयज्ञ आणि नृयज्ञ हे दोन्ही आज या बादलीपाशीच करावयाचे आहेत, असे मला वाटू लागले आहे. ओला पदार्थ निराळा ठेवणे हा भूतयज्ञ, कारण तो मातीला आणि मातीतील जीवांना पोहोचतो. कचरा उचलणाऱ्याच्या हाताची काळजी घेणे हा नृयज्ञ.

अलक्ष्मी गेली कोठे?

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा एक विधी धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सांगितला आहे. मध्यरात्र उलटली, लोकांचे डोळे झोपेने जड झाले, की नगरातील स्त्रियांनी सुपे आणि डिंडिम वाजवीत आपापल्या अंगणातून अलक्ष्मीला हुसकून लावावे. त्याला अलक्ष्मी-निःसारण म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ घरी पाडव्याच्या पहाटे घर झाडून तो केर सुपात घेऊन, वर दिवा ठेवून बाहेर टाकण्याची चाल आहे, ती याचीच बहीण.

या विधीवर मी अनेकदा कीर्तन केले. परंतु एक प्रश्न कधी विचारला नाही: आपल्या अंगणातून निघालेली ही अलक्ष्मी जाते कोणाच्या अंगणात?

पुण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर वारकऱ्यांना पायांनी ठाऊक आहे. माउलींची पालखी पुण्याहून हडपसरमार्गे सासवडला निघाली, की दिवेघाटाच्या अलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांचा परिसर लागतो. गावाच्या नावातच देव आहे. नव्वदच्या दशकापासून पुणे शहराचा कचरा या गावांच्या उंबरठ्याशी येऊन पडला. ओले-सुके एकत्र केलेल्या त्या ढिगांत हवा शिरत नाही. मग आतल्या आत कुजून ज्वलनशील वायू तयार होतो, ढीग पेट घेतात आणि धूर गावावर पसरतो. ढिगाखालून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींना लागते. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. तेव्हा शहरात दारोदारी कचरा साचला आणि आपण नाकाला पदर लावून म्हणालो, “काय ही अडवणूक!” त्या गावाने जे वर्षानुवर्षे सोसले, ते आपल्याला चार दिवसही सोसवले नाही. पुढे जुने ढीग मातीने झाकण्याचे, उपसून निराळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु मिसळलेले निवडणे हे मुळात न मिसळण्यापेक्षा किती कठीण, हे तांदूळ निवडणारी कोणतीही गृहिणी सांगेल.

दुसऱ्याच्या अंगणात ढकललेली अलक्ष्मी ही गेली असे म्हणता येत नाही. तिने केवळ पत्ता बदलला.

केर भरणारा देव

आमच्या पंढरीची जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी. ती अंगण झाडी, तेव्हा तिचा केर गोळा करावयास प्रत्यक्ष पांडुरंग येई, असे तिच्या नावच्या अभंगांतून आपण ऐकत आलो. या कथेवर आपले डोळे पाणावतात. परंतु त्यातला बारकावा पाहा. झाडणे हे जनाबाईचे काम. केर भरून बाहेर नेणे हे देवाने स्वतःकडे घेतले. दोहोंतील हलके मानलेले काम कोणते, हे देवाला कळत नव्हते काय? कळत होते, म्हणूनच त्याने ते उचलले.

विसाव्या शतकात हाच धडा गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दिला. गावात शिरले की आधी हाती खराटा. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची त्यांची हातोटी आम्हां कीर्तनकारांना आजही दुर्मीळ आहे. त्यांनी खराटा हाती घेतल्यावर गावकऱ्यांना लाज वाटे आणि तेही झाडू लागत. शब्दांपेक्षा हाताने केलेले निरूपण लवकर पोहोचते.

पुण्यात या कामातील कष्टकऱ्यांनी स्वतःच आपली संघटना बांधली, ही गोष्ट मला लेकीकडून कळली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली; डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन तिला लाभले. उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या या मंडळींत बहुसंख्य स्त्रिया. पूर्वी त्यांच्याकडे चोराच्या नजरेने पाहिले जाई. संघटनेमुळे त्यांना ओळखपत्र मिळाले. पुढे त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. घराघरांतून मिळणारी मासिक रक्कम आणि सुका माल विकून येणारे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे आपण कागदावर आमटी सांडतो, तेव्हा एका घरातील भाकरीवरच सांडतो. गणेशोत्सवात विसर्जनाच्या घाटावर उभ्या राहून निर्माल्य नदीत जाऊ न देता गोळा करणाऱ्याही याच भगिनी. आपण देवाला वाहिलेले फूल त्यांच्या हातून मातीस मिळते. निर्माल्याचा मान आपल्यापेक्षा त्याच अधिक राखतात, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

दिवाळीतील घरचा आचार

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरीच ओला, सुका आणि घातक असे भाग करण्याचे बंधन घातले. परंतु धर्मशील घराला नियमाचा दंडुका कशाला हवा? ज्या घरात सोवळ्याची भांडी निराळी, उपासाचे जिन्नस निराळे आणि देवाचे पाणी निराळे ठेवण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घराला तीन भाग करणे अवघड नाही. सणाच्या दिवसांपुरते काही सांगतो.

हार आणि तोरणे उतरल्यावर दोरा काढून घ्यावा. फुले-पाने कुंडीतील खतात घालावीत. खताचे भांडे खालून भोके असलेले असावे. ओल्या पदार्थांवर वाळक्या पाल्याचा थर द्यावा, आठवड्यातून एकदा हलवावे. पिळलेल्या फडक्याइतकाच ओलावा राहू द्यावा. दुर्गंधी सुटली तर समजावे की हवा कमी आणि पाणी जास्त झाले; थोडा पाला घातला की ती जाते. पाला जाळू नये. धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो आणि सोन्यासारखे खत वाया जाते.

पणत्या भाजलेल्या मातीच्या असतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत. तेव्हा नदीत न सोडता धुऊन पुढील वर्षासाठी ठेवाव्यात. रांगोळी हा दगडाचा चुरा; ती ओल्या कचऱ्यात घालू नये. फटाक्यांच्या कागदाला दारू लागलेली असते. तो खतातही चालत नाही आणि रद्दीतही. मुळात आणावेतच कमी. फरसाणाची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असल्याने सहसा कोणी विकत घेत नाही. घरी केलेल्या चिवड्याला पाकीट लागत नाही, हे त्यावरचे जुने उत्तर. विझलेल्या विजेच्या माळा आणि बॅटऱ्या साध्या सुक्यात न मिसळता निराळ्या द्याव्यात. जुने कपडे बोहारणीला, रद्दी रद्दीवाल्याला देण्याची आपली चाल उत्तमच आहे; ती केवळ बादलीपर्यंत वाढवावयाची.

आणि तसबिरी. फुटक्या तसबिरी पिंपळाच्या पारावर ठेवून येण्याची पद्धत शहरांत फार वाढली आहे. ऊनपावसात भिजत पडलेले देवाचे चित्र हा देवाचा सन्मान नव्हे. नमस्कार करून चित्र काढून घ्यावे, आणि भिजवून त्याचा लगदा तुळशीवृंदावनाच्या नव्हे, तर साध्या झाडाच्या बुंध्याशी विसर्जित करावा. चित्रावर प्लास्टिकचा थर असेल तर ते सुक्यातच द्यावे. लाकूड निराळे, काच निराळी. देवत्व आपल्या भावनेत असते. काचेत असते ती फक्त धार.

पाडव्याची सकाळ

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाची पूजा मीच सांगितली. केरसुणीला कुंकू वाहण्याची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो चिरलेला तळहात आला. केरसुणी लक्ष्मी, तर केर नेणारी कोण? या प्रश्नाने मंत्र क्षणभर अडखळला.

पाडव्याच्या पहाटे उठून मी गॅलरीत बसलो. दोन दिवसांच्या बादल्या स्वतः पाहिल्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या. हारांचे दोरे काढले. बाहेर काढून ठेवलेले काचेचे तुकडे चार पदरी कागदात बांधले. तांबडी खूण करावयास घरात लेखणी सापडेना. तेव्हा पूजेच्या ताटातले कुंकू घेतले, पाण्यात कालवले आणि पुडक्यावर चारी बाजूंनी मोठे ठिपके दिले. आदल्या सायंकाळी केरसुणीला वाहिले ते हेच कुंकू.

आठच्या सुमारास बाई आली. हाताला पट्टी होती. मी पुडके तिच्या हाती दिले आणि म्हटले, “बाई, यात काच आहे.” तिने ठिपके पाहिले, हसली, बादल्यांत डोकावली आणि एवढेच म्हणाली, “आता बरोबर हाय, बाबा.” लेकीने फराळाचा डबा दिला, तो तिने दोन्ही हातांनी घेतला.

पंढरपुरी परतल्यापासून माझ्याही घरी तीन भांडी आहेत. कीर्तनात शुचितेचा विषय निघाला की मी आता श्रोत्यांना आधी विचारतो, “तुमच्या घरी काच कशी टाकतात?” लोक हसतात, मग गप्प होतात, मग एखादी बाई उत्तर देते.

वाचकहो, या अमावास्येस अलक्ष्मीला अवश्य घालवावे. मात्र ती दुसऱ्याच्या अंगणात जाणार नाही, एवढे पाहावे. नव्या केरसुणीला कुंकू लावताना त्यातले बोटभर बाजूला ठेवावे. काचेच्या पुडक्यासाठी लागेल. आपणां सर्वांस दीपावली सुखाची आणि शुचितेची जावो.